चिमणीखालचा माणूस

सुरतेत गच्चीवर पापड घालायचे तर आधी वारा कुठला आहे ते बघावं लागतं. पांडेसराकडचा असेल तर संध्याकाळपर्यंत चादरीवर बारीक काळी कणी जमते. लग्न होऊन आले तेव्हा मी सासूबाईंना विचारलं होतं, हे काय? त्या म्हणाल्या, "अगं, आपली लक्ष्मीच ती." आमचा साड्यांचा व्यापार. साडी रंगवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर आणि बॉयलरला कोळसा नाहीतर लिग्नाइट.

श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत पहिलं इंगालकर्म, म्हणजे निखाऱ्यांवर चालणारा धंदा. मी प्रतिक्रमणात त्याचं नाव घेते, मिच्छामि दुक्कडं म्हणते आणि त्याच साडीत घरी येते.

2019 साली आपल्या सुरतेत एक मोठा प्रयोग सुरू झाला. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने शिकागो आणि येल विद्यापीठांच्या संशोधकांबरोबर सुमारे 300 कारखाने निवडले. चिमण्यांवर धूळ मोजणारी यंत्रं बसली. त्यातल्या निम्म्यांसाठी धुळीची एकूण मर्यादा ठरवली. ज्याची धूळ कमी, त्याने आपला उरलेला वाटा दुसऱ्याला विकायचा. त्या कारखान्यांची धूळ इतरांपेक्षा 20 ते 30 टक्क्यांनी कमी झाली. कोणीतरी अभ्यासाला पैसा दिला, म्हणून हे कळलं.

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी नंदुरबारकडच्या, राहतात लिंबायतला. त्यांचा नवरा बॉयलरमध्ये कोळसा टाकतो. मी कौतुकाने त्यांना सांगितलं, हळूहळू मिला गॅसवर जातील, धूर संपेल. त्यांनी हातातली कढई खाली ठेवली. "ताई, धूर गेला तर बरंच की. रात्रभर खोकतात हे. पण गॅसला फावडं लागत नाही ना?"

2015 च्या पॅरिस करारातही लिहिलं आहे की हा बदल कामगारांसाठी न्याय्य असावा. मावशींनी तो करार वाचलेला नाही. पण त्यातला सगळ्यात अवघड प्रश्न त्यांनी एका वाक्यात विचारला.

आमच्या घरी यावर वाद झाला. हे म्हणाले, "धूर थांबला की सगळ्यांचंच भलं." खरं आहे. सगळ्यात जास्त काजळी त्या माणसाच्याच छातीत जाते. त्याची नोकरी टिकावी म्हणून धूर चालू ठेवणं ही काही दया नव्हे. पण एकाची हिंसा थांबवताना दुसऱ्याची चूल विझली, तर आपण हिंसा कमी केली, की फक्त तिची जागा बदलली?

थकलेल्या बैलासाठी आपल्या समाजाने पांजरापोळी बांधल्या. बॉयलरवाल्यासाठी काय? त्याला चारा नको, तो बैल नाही. त्याला दुसरं कसब हवं, ते शिकेपर्यंत पगार हवा आणि निर्णय होण्याआधी कोणीतरी त्याला विचारायला हवं. कोणाला काय शिकवावं, किती महिने लागतील, घरभाडं कसं निघेल, हे दयेने कळत नाही. त्याचाही अभ्यास करावा लागतो, आणि अभ्यासाला पैसा लागतो.

आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत: आहार, औषध, ज्ञान आणि अभय. मला वाटतं, असा अभ्यास ज्ञानदानात बसतो आणि त्याचं फळ अभयदानात. मी महिला मंडळात हे बोलले, तर एक मैत्रीण म्हणाली, "संशोधनाला कोण पुण्य म्हणेल? आणि शेठचा पैसा असला की उत्तरही शेठच्या सोयीचंच येणार." दुसरी शंका खरी आहे. पण त्यावरचा उपाय आपल्याकडेच आहे: गुप्तदान. पैसा द्यावा, पाटीवर नाव नको, प्रश्न ठरवताना देणाऱ्याची खुर्ची नको. ती खुर्ची मावशींच्या नवऱ्याला द्यावी.

हे सगळं होईल तेव्हा होईल. परवा यांना एवढंच म्हटलं, आपला माल रंगवणारी मिल बॉयलर बदलेल तेव्हा माणसांचं काय करणार, ते विचारून या.

"असं कोणी विचारत नाही गं."

"म्हणूनच विचारा," मी म्हटलं.