वाळल्या लाकडाला पाणी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

भक्तजनहो, श्रीदत्तप्रभूंच्या चरणी साष्टांग दंडवत.

साष्टांग हा शब्द आपण कागदावर सहज लिहून टाकतो. पण ज्याचं मनगट मोडलंय त्याला विचारा. जमिनीवर हात टेकून खाली जाणं दूरच, त्याला दोन तळवे एकमेकांना जोडताही येत नाहीत. आरतीला सगळे टाळ्या वाजवतात आणि हा खांबाआड, हात झोळीत घालून उभा. तीर्थाची पळी पुढं आली की उजवा हात निघत नाही आणि डावा पुढं करायची लाज वाटते. मग हळूहळू माणूस देवळात यायचाच बंद होतो. घरचे म्हणतात, हात दुखतोय म्हणून येत नाही. खरं दुखणं निराळंच असतं.

आपल्या पिंपळगावात आणि आसपासच्या वस्त्यांवर असं मनगट मोडलेली माणसं काही कमी नाहीत. कुणी न्हाणीत घसरलं, कुणी बांधावरून पाय निसटून पडलं, कुणी मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून गतिरोधकावर उडालं. पडताना माणूस आपोआप हात पुढं करतो आणि अंगाचा सगळा भार मनगटाच्या हाडावर येतो. साठीच्या पुढं, त्यातही बायकांमध्ये, हाडं ठिसूळ झाल्यानं ते लवकर मोडतं. आता मार्गशीर्षात कापसाची वेचणी चालू असते. किलोवर मजुरी. ज्या बाईचा हात गळ्यात अडकवलाय तिचा हंगाम गेलाच म्हणून समजा. तेव्हा हे दुखणं लहान, असं कुणी म्हणू नये.

अशा माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा : दर गुरुवारी उपवास केला, सप्ताहाला बसलो, वाडीला जाऊन आलो, मग माझ्याच वाट्याला हे का? आणि भेटायला येणाऱ्यांत एखादा असा असतोच, जो खुर्ची ओढून बसतो आणि सुस्कारा टाकून म्हणतो, "पूर्वजन्मीचं असतंय बघा." चहा पिऊन तो निघून जातो. इकडं दुखणाऱ्याची रात्र मात्र तो खराब करून जातो.

आपल्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबेला १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. त्यांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात तिन्ही तापांची नीट वर्गवारी करून ठेवलीय. देहात उपजणारे रोग हा आध्यात्मिक ताप. ठेच लागणं, काटा मोडणं, बाहेरच्या वस्तूंनी आणि प्राण्यांनी होणारी इजा हा आधिभौतिक. आणि पापाची शिक्षा म्हणून भोगावी लागणारी यमयातना हा आधिदैविक ताप, त्याचा समास वेगळा. आम्ही खतावणी लिहिणारी माणसं. एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात टाकली की ताळा लागत नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक. शेवाळावरून पाय घसरला तर तो शेवाळाच्या खात्यात लिहावा. उगीच पापाच्या खात्यात ओढू नये. समर्थांनी देहाच्या व्यथांवर समासच्या समास लिहिले, यावरून एवढं तरी कळतं की देह दुखतो हे म्हणायला संतांनाही संकोच वाटला नाही.

आता मूळ विषयाकडं येतो. श्रीगुरुचरित्राचा चाळिसावा अध्याय आपण सगळ्यांनी ऐकलाय. नरहरी नावाचा कुष्ठानं पिडलेला ब्राह्मण गाणगापुरी श्रीनृसिंहसरस्वतींच्या पायाशी येतो. लोक त्याचं तोंडही पाहत नाहीत. त्यानं महाराजांकडं मागितलं काय, तर हे दुखणं घालवा. महाराजांनी दिलं काय? सर्पणासाठी आणलेलं औदुंबराचं एक वाळकं लाकूड. म्हणाले, हे संगमावर नेऊन रोव आणि त्रिकाळ पाणी घाल. पालवी फुटेल तेव्हा तूही शुद्ध होशील.

या कथेत आपण शेवटची पालवी लक्षात ठेवतो. मधले दिवस विसरतो. खरी कथा तिथं आहे. तो माणूस भीमेतून पाणी आणतो, लाकडाच्या बुडाशी ओततो, परत जातो, परत आणतो. सकाळी लाकूड वाळकं, दुपारी वाळकं, संध्याकाळी वाळकंच. येणारे-जाणारे हसतात. जवळचे येऊन समजावतात की बाबा, याला पालवी फुटायची नाही, महाराजांनी तुला वाटेला लावण्यासाठी हे सांगितलं असेल. त्यावर त्याचं उत्तर एकच, गुरूंनी सांगितलंय ते मी करतोय, बाकी त्यांचं ते जाणोत. शेवटी महाराज स्वतः संगमावर आले, कमंडलूतलं पाणी शिंपडलं आणि लाकडाला पालवी फुटली.

मोडलेलं मनगट म्हणजे तेच वाळकं लाकूड. गेल्या आषाढात माझं उजवं मनगट मोडलं, तेव्हापासून हा अध्याय मला निराळाच ऐकू येतो. प्लास्टर साधारण सहा आठवडे असतं. हाड आधी मऊ सांधतं, मग ते सावकाश कठीण होतं, त्याला घाई चालत नाही. खरी गंमत पुढं आहे. प्लास्टर निघतं त्या दिवशी घरात पेढे आणतात आणि हात बाहेर येतो तो काटकुळा, सोललेल्या सालीसारख्या कातडीचा, वळत नाही, मिटत नाही. लोटी उचलत नाही, सदऱ्याचं बटन लागत नाही. सगळे म्हणतात, "सुटलात एकदाचे!" आणि डॉक्टर म्हणतात, "आता सुरुवात." पुढं कित्येक महिने, पकड पूर्ण यायला कधी कधी वर्षभर लागतं. दिवसातून चार-पाच वेळा व्यायाम करायचा आणि आज कालच्यापेक्षा काही फरक दिसत नाही. तेव्हा समजायचं, आपण संगमावर उभे आहोत आणि हातात तांब्या आहे.

व्यायामही काय सांगतात बघा. पहिला, अंगठ्याचं टोक एकेका बोटाला लावायचं. भक्तजनहो, हे तर आपण लहानपणापासून करतो! बोटांवर जप मोजताना अंगठा पेरापेरावरून फिरतो. चार बोटांची बारा पेरं, नऊ फेरे केले की एकशे आठ. शास्त्रोक्त करमाळेत मेरूचे नियम आहेत, ते जाणकारांना विचारावेत; हा आपला दुखण्यातला साधा हिशेब. प्लास्टरातून बोटं मोकळी असतात आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं पहिल्या दिवसापासून हलवायची असतात, नाहीतर सूज राहते आणि बोटं आखडतात. म्हणजे प्लास्टरातल्या हातानंही दत्तनाम घेता येतं, नव्हे, त्यानंच घ्यावं. सुरुवातीला अंगठा करंगळीपर्यंत पोचत नाही. मग तर्जनीवरच घ्या नाम.

दुसरा व्यायाम प्लास्टर निघाल्यावरचा. दोन्ही तळवे छातीशी जोडायचे आणि कोपरं हळूहळू वर न्यायची. म्हणजे नमस्कारच. जो नमस्कार होत नाही म्हणून माणूस खांबाआड उभा राहतो, तोच औषध म्हणून सांगितलेला असतो. अर्धा जुळला तरी देवापुढं तो अर्धाच करावा. कोमट पाण्यात हात ठेवून आधी शेकला तर थोडा मऊ येतो.

दत्तप्रभूंच्या चोवीस गुरूंची कथा भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे आणि पैठणच्या नाथांनी तीच एकनाथी भागवतात मराठीत आणली. हा ग्रंथ १५७३ साली काशीत पुरा झाला. त्यातला अजगर हा गुरू प्लास्टरच्या दिवसांत फार उपयोगी. जागेवर पडून राहायचं, ताटात येईल ते आनंदानं खायचं, कुणावर चिडायचं नाही. पण चोवीस गुरू आहेत. एकट्या अजगरालाच वर्षभर धरून बसू नये! प्लास्टर निघालं की मधमाशीसारखं घर घर फिरून थोडं थोडं काम गोळा करावं : शेंगा सोलणं, वाती वळणं, पोथीची पानं उलटणं, कणीक मळणं.

आणि एक गुरू आहे कुमारी. घरी पाहुणे आलेले, ती आत भात कांडतेय, कांकणं वाजतात, तिला संकोच होतो. म्हणून ती एकेक कांकण उतरवत जाते आणि प्रत्येक हातात एकच ठेवते, मग आवाज थांबतो. अवधूतानं त्यातून एकांताचा बोध घेतला. मी एक व्यवहाराचा बोध सांगतो. हात मोडला की लगेच सुजतो. बांगड्या, अंगठी, पाटल्या तेव्हाच काढाव्या लागतात. आपल्याकडच्या आयाबाया हिरवा चुडा उतरवायला तयार होत नाहीत, सौभाग्याला बाधा येईल म्हणून हात सुजू देतात, मग त्या कापाव्या लागतात. ज्या मुलीनं कांकणं उतरवली तिला साक्षात दत्तात्रेयांनी गुरू म्हटलं. तिला दोष लागला नाही, तर तुम्हाला कसा लागेल?

थोडं औषधपाण्याचं बोलतो, कारण वेळ निघून गेल्यावर हळहळण्यात अर्थ नाही. प्लास्टरच्या आत असह्य ठणका लागला, बोटं निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठावा, सकाळची वाट पाहू नये. बांबूच्या कामट्या करकचून बांधून घेतल्यानं रक्त अडून हात गमावण्याची वेळ येऊ शकते. तंबाखू आणि मिश्री हाड जुळू देत नाहीत, तेव्हा निदान तेवढे महिने तरी सोडा. दूध, नाचणी, तीळ पोटात जाऊ द्या, कोवळं ऊन घ्या. साध्या पडण्यानं हाड मोडलं असेल तर हाडांची ताकद एकदा तपासून घ्यावी, म्हणजे पुढं खुब्यावर पाळी येत नाही. प्लास्टर निघून महिना-दोन महिने झाले तरी हाताची आग होते, रंग बदलतो, कापडाचा स्पर्श सोसत नाही, असं असेल तर ते नेहमीचं दुखणं समजू नका, डॉक्टरांना दाखवा. पारायण करा, अंगारा लावा आणि दवाखान्यातही जा. यात विरोध कुठाय?

आता रात्रीविषयी. दिवसा माणसं असतात, दुखणं वाटलं जातं. पहाटे तीनला ठणका एकट्याचा असतो. तेव्हा मनात नको ते विचार येतात, विशेषतः ज्याचा जोडीदार गेलाय, ज्याची मुलं पुण्याला-संभाजीनगरला आहेत त्याच्या. गुरुचरित्राला हे नवं नाही. तेराव्या अध्यायात पोटशूळानं कंटाळलेला एक ब्राह्मण गोदावरीत जीव द्यायला निघतो. अन्न पोटात ठरत नाही, जगून काय करू, असं म्हणतो. महाराजांनी त्याला शिष्यांकरवी बोलावून घेतलं, त्याचं ऐकून घेतलं आणि सायंदेवाच्या घरी जेवायला बसवलं. ज्याला अन्नच बाधत होतं त्याला जेऊ घातलं! आधी बोलावणं, मग ऐकणं, मग पंगतीत जागा. असा एखादा माणूस आपल्या गल्लीत असेल तर त्याला हाक मारा. आणि तो माणूस आपणच असलो तर घरात कुणाला तरी उठवून सांगा. झोपमोड झाली तर होऊ द्या.

सेवा करून घेणं हे सेवा करण्यापेक्षा अवघड आहे. बँकेच्या काउंटरवर माझी नोकरी गेली. हात प्लास्टरात घेऊन पेन्शन काढायला आलेली माणसं मी पाहिलीत. सही होत नाही, झाली तर जुळत नाही. मग अंगठा आणि साक्षीदार. जन्मभर झोकात सही केलेला मास्तर अंगठा शाईला लावताना मान खाली घालायचा. घरीही तेच. सुनेनं घास कालवून द्यावा, नातवानं नाडी बांधावी, याची माणसाला शरम वाटते आणि ती रागाच्या रूपानं बाहेर पडते. भाजीत मीठ कमी असतं, चहा गार असतो.

शिर्डीची गोष्ट आठवा. १९१० साली धनत्रयोदशीला साईबाबांनी लोहाराच्या पोराला वाचवायला धुनीत हात घातला आणि तो भाजला. मुंबईहून डॉक्टर परमानंद औषधं घेऊन आले, पण बाबांनी पट्टी सोडू दिली नाही. (ते बाबा होते. आपण डॉक्टरांना पट्टी सोडू द्यावी.) रोजची पट्टी बदलायचा मान मिळाला भागोजी शिंदे यांना. ते स्वतः महारोगी. गावानं ज्यांच्यापासून अंग चोरलं त्यांच्याकडं बाबांनी रोज आपला हात दिला. तूप चोळायचं, पान ठेवायचं, पट्टी बांधायची. १९१८ साली बाबांनी देह ठेवला तोवर ही सेवा चालली. कुणाच्या हातात आपला हात द्यायचा, हीदेखील एक देणगी असते. सुनेला, नातवाला ती द्या, आणि चहा गार असला तरी प्या.

घरच्यांनाही एक सांगणं. आईचा हात मोडला की पंधरा दिवस सगळे धावतात. तिसऱ्या महिन्यात कुणी विचारत नाही आणि नेमकं तेव्हा ती एका हातानं पिण्याच्या पाण्याची कळशी उचलायला जाते. प्लास्टर दिसेनासं झालं म्हणजे दुखणं गेलं, असं धरू नका. तिच्या व्यायामाच्या वेळी पाच मिनिटं शेजारी बसा. ती मोजेल, तुम्ही ऐका.

यंदाच्या जयंतीसाठी मंदिराच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. अभिषेकानंतर फरशी ओली असते आणि प्रदक्षिणेला म्हाताऱ्या माणसांची गर्दी; औदुंबराभोवती आणि पायरीवर कोरडी पोती टाकावीत, कठड्याला दोर बांधावा. दोन-चार खुर्च्या गाभाऱ्यासमोर ठेवाव्यात. तीर्थ देताना ज्याचा उजवा हात झोळीत आहे त्याच्या डाव्या हातावर पळी निःसंकोच ओतावी, किंवा तोंडातच घालावी. संध्याकाळी जन्माच्या वेळी पाळण्याची दोरी ओढायला गर्दी होते, तेव्हा अशा भक्तांना आधी पुढं घ्यावं. दोरी डाव्या हातानंही ओढता येते.