लॉगबुकातली चोरी

उभा राहा. लॉगबुक घेऊन इकडे ये.

'बोल्टला लॉकिंग वायर मारली.' खाली सही. अक्षर मोत्यासारखं आहे हो! फक्त तुझ्या मित्राच्या वहीत हेच वाक्य, हीच वेळ आणि 'टॉर्क'च्या स्पेलिंगमधली हीच चूक आहे. नाशिक फाट्याला ट्रॅफिक लागलं, उशीर झाला, हे मान्य. मग लिहायचं, 'काम केलं नाही.' कोरं पान हा गुन्हा नाही.

नंतर घाईघाईत मारलेली ही वायर बघ. ०.०३२ इंची वायरला इंचाला ६ ते ८ पीळ हवेत. तुझ्या पहिल्या इंचात ४, पुढच्यात ११. तेही सोड. ओढ कुठल्या बाजूला आहे? वायरने बोल्ट घट्ट व्हायच्या दिशेला ओढून धरायचा असतो. तू उलटी मारलीस. आता तो सैल व्हायला लागला, तर तुझी वायर त्याला हातभारच लावेल.

तुमच्यापैकी कितीतरी जणांचे वडील, काका भोसरी-चाकणला लाइनवर आहेत. तिथे टॉर्क चुकला की दिवा लागतो, पुढच्या स्टेशनवरचा माणूस पकडतो. इथे लायसनवाल्याने सही केली की विमान उडायला मोकळं.

१० जून १९९०. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान. सतरा हजार फुटांवर कॉकपिटची काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिन क्रूने पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउथॅम्प्टनला उतरवलं, म्हणून वाचला. काच नुकतीच रात्रपाळीत बदलली होती. ९० बोल्टपैकी ८४ कमी व्यासाचे. बदलणारा तुझ्यासारखा पोरगा नव्हता, शिफ्टचा मॅनेजर होता. पार्ट्स कॅटलॉग बघितला नाही. स्टोअरवाल्याने योग्य माप सांगितलं, तेही ऐकलं नाही. जुना बोल्ट हातात धरून तसाच दिसणारा नजरेने शोधला. काम त्याचं, सहीही त्याचीच.

कोर्स संपला की लायसन हातात पडतं, असं घरी सांगून आलाय का? डीजीसीए प्रत्येक मॉड्यूलला ७५ टक्के मागतं आणि वर अनुभव. व्हॉट्सॲपवरच्या क्वेश्चन बँका घोकून ७५ टक्के पडतीलही. अनुभव घोकता येत नाही, म्हणून तो उतरवून काढायचा धंदा सुरू झालाय! उद्या नागपूरला मिहानच्या हँगरमध्ये इंजिनाखाली उभं केलं, तर कुणाच्या वहीत डोकावणार?

खाली बघू नकोस, पक्कड घे. ती वायर काप, तुकडे मोजून डब्यात टाक. एकही जमिनीवर राहता कामा नये. कापलेली वायर परत वापरायची नाही, नवी घे. आणि लॉगबुकातल्या त्या ओळीवर एक आडवी रेघ मार, खालचं वाचता येईल अशी. व्हाइटनर लावलंस तर वहीच फाडेन. शेजारी तारीख टाक, सही कर. मित्रालाही बोलाव, त्याची वही अजून माझ्याकडेच आहे.