पायऱ्या खर्ची, रॅम्प धर्मादायी

बी.कॉम. झालेल्या माणसानं तत्त्वज्ञानाच्या वाटेला जाऊ नये, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो प्रांत बी.ए.वाल्यांचा. त्यांनी ‘मी कोण?’ म्हणून विचारायचं आणि आम्ही ‘खातं नंबर काय?’ म्हणून. पण वीसेक वर्षं नावे-जमा केल्यावर माझं असं पक्कं मत झालं आहे, की जगातले निम्मेअधिक नैतिक प्रश्न म्हणजे दुसरंतिसरं काही नसून, अमुक एक खर्च कोणत्या खाती टाकायचा, एवढाच वाद असतो. आता बघा, नवऱ्याच्या आईचं औषध आणलं की तो ‘घरखर्च’ आणि बायकोच्या आईचं आणलं की ती ‘मदत’. औषध तेच, दुकान तेच, बिलही तेवढंच. पण खातं बदललं की आणणाऱ्याचा चेहरा बदलतो, आणि मग घेणारीचाही.

हाच वाद आमच्या शाखेत रॅम्पवरून झाला.

शाखेचं जोतं चांगलं अडीच फूट उंच आहे. पाच पायऱ्या चढून यावं लागतं. दिव्यांग आणि वृद्ध खातेदारांसाठी रॅम्प करावा, असं वरून पत्र आलं. बँकेत ‘वरून’ आलेल्या पत्राला आकाशवाणीचा मान असतो, त्यामुळे रॅम्प होणार हे ठरलंच. खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा, यावर मात्र दोन चहा झाले.

“सामाजिक कार्य म्हणून दाखवा,” आमचे हेडकॅशियर म्हणाले. “धर्मादायच आहे हो तो. इनमीन चार माणसांसाठी करतोय आपण.”

“आणि पायऱ्या कुणासाठी केल्यात?” मी विचारलं.

“पायऱ्या काय, सगळ्यांसाठीच असतात!”

मी चहा खाली ठेवला. वास्तविक अडीच फुटांचं जोतं उडी मारून चढता येत नाही, ही मनुष्यप्राण्यातली एक मोठीच उणीव आहे. माकडाला पायरी लागत नाही, मांजराला लागत नाही. आपल्याला झेपत नाही म्हणून कुणीतरी त्या उंचीचे पाच तुकडे पाडून दिले. पायरी म्हणजे उंचीचे सुलभ हप्ते! रॅम्प म्हणजे तेच कर्ज जरा लांब मुदतीनं फेडायचं. आता पाच हप्त्यांत फेडणारा तो ‘सगळे’ आणि लांब मुदतवाला तो धर्मादाय, हा हिशेब कुठल्या ऑडिटरला पटेल?

बरं, हे पायऱ्यांवरच थांबत नाही. आमच्या शाखेत चोवीस ट्यूबलाइटी आहेत. एक दृष्टिहीन गृहस्थ नेमानं पेन्शन काढायला येतात, त्यांना त्यातल्या एकीचाही उपयोग नाही. ते सगळं बिल आम्हां डोळसांच्या सोयीपायी येतं; पण त्याला डोळसांना केलेली मदत असं कुणी म्हणत नाही. ते मुकाट्यानं वीजखर्च खाती पडतं. खुर्च्यांचंही तेच. चाकाच्या खुर्चीतून येणारा खातेदार स्वतःची खुर्ची घरून घेऊन येतो. बँकेची फुकटची खुर्ची वापरतो तो आपल्या पायांनी चालत आलेला. आणि दयेचा धनी कोण, तर पहिला!

तर हे ‘सगळे’ म्हणजे नेमके कोण, त्यांची मापं कुणी घेतली, याचा मी थोडा छडा लावला. ल कॉर्ब्युझिए नावाचे जगप्रसिद्ध वास्तुरचनाकार होऊन गेले. ज्यांनी चंदीगड शहराचा आराखडा केला, तेच. त्यांनी माणसाच्या अंगावरून ‘मॉड्युलर’ नावाची एक मापपट्टी तयार केली. आधी त्यातला माणूस १.७५ मीटरचा होता. मग तो एकदम सहा फुटी झाला. का? तर इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतले देखणे पुरुष, म्हणजे पोलीस वगैरे, नेहमी सहा फुटी असतात म्हणून! थट्टा नाही, हे कारण त्यांनी स्वतःच्या पुस्तकात नोंदवून ठेवलं आहे. त्याच पट्टीनं पुढे चंदीगडच्या इमारती मापल्या गेल्या. म्हणजे विलायती रहस्यकथेतल्या फौजदाराच्या बेतानं पंजाबातल्या कारकुनाचं कार्यालय!

मी स्वतः पाच फूट तीन इंच. त्यामुळे या फौजदाराची आणि माझी गाठ रोज कुठे ना कुठे पडते. लोकलच्या कड्यांना मी लोंबकळत नाही, त्यांच्याकडे नुसता आशेनं बघतो. घरातल्या माळ्याशी माझा संबंध स्टुलामार्फत. बँकेत काउंटर उंच असल्यानं काही आजीबाईंचा मला फक्त भांग दिसतो. कित्येक खातेदार मी भांगावरून ओळखतो. लॉकरच्या खोलीत तर जाऊच नका. सगळ्यांत खालच्या लॉकरपुढे दंडवत घालावा लागतो आणि सगळ्यांत वरच्याला स्टूल लागतं. छातीच्या उंचीवरचा लॉकर मिळायला कुणीतरी तो सोडावा लागतो, आणि माणसं गाव सोडतील पण तो लॉकर सोडत नाहीत.

‘सरासरी माणूस’ ही तर शुद्ध थाप. १९५० साली अमेरिकेच्या हवाई दलानं ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली होती. विमानं नव्या दमाची आणि अपघात फार, तेव्हा वैमानिकाची बैठक सरासरी मापाची करावी, असा विचार. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या एका तरुण अधिकाऱ्यानं त्यातली दहा मापं निवडली आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती, ते मोजलं. उत्तर आलं, शून्य. एकाचे हात लांब तर पाय आखूड, दुसऱ्याची छाती रुंद तर मान बारीक. मग त्यांनी माणूस बदलायच्या ऐवजी खुर्ची पुढेमागे सरकेल अशी केली. मला याचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही. आमच्या शाखेतली सरासरी शिल्लक दर तिमाहीला काढावी लागते. नेमकी तेवढी शिल्लक असलेलं खातं अजून माझ्या पाहण्यात नाही.

बांधणाऱ्यांनी पूर्वीही काही सगळ्यांचा विचार केला होता अशातला भाग नाही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याला एक छोटा दिंडी दरवाजा आहे. आत येणारा एकेकटा आणि वाकून यावा, म्हणजे तो शत्रू निघाला तर सोय पडते. पेशव्यांचं ठीक होतं, त्यांच्याकडे शत्रू येत असत. पण बँकेच्या सरकत्या लोखंडी दाराला मधोमध साखळी बांधून ठेवायची पद्धत कित्येक शाखांत अजून आहे. दरोडेखोराला घाईनं पळता येऊ नये हा हेतू. दरोडेखोर काही रोज येत नाही. मग रोज वाकतो कोण? तर मुदत ठेव ठेवायला आलेला सत्तरीतला माणूस. वर आम्हीच त्याला अर्धा टक्का जादा व्याज देतो, बहुधा कंबरेसाठी.

या सगळ्याला शहाणपणाचं वळण द्यायचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांत रॉन मेस हे अमेरिकन वास्तुरचनाकार. नवव्या वर्षी पोलिओ झाला, नंतरचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत. वास्तुरचना शिकायला कॉलेजात गेले तर वर्गात जायला त्यांना जिन्यावरून उचलून न्यावं लागे. इमारत कशी बांधावी हे शिकवणाऱ्या इमारतीतच शिकणाऱ्याला जाता येऊ नये! ‘युनिव्हर्सल डिझाइन’ हा शब्द त्यांनी रूढ केला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली त्याची सात तत्त्वं लिहून काढली, आणि पुढच्याच वर्षी ते गेले. सातही इथे पाठ म्हणून दाखवत नाही, पण मतलब असा : सगळ्यांना एकाच दारानं येता यावं, काहींना मागच्या दारानं नव्हे, जोर कमी लागावा, वापर न विचारता कळावा, आणि हातून चूक झाली तरी फारसं बिघडू नये. आमच्या पैसे भरायच्या स्लिपनं यातली निदान तीन तत्त्वं एकाच कागदावर मोडून दाखवली आहेत.

गंमत अशी की ज्याच्यासाठी म्हणून सोय करावी, तो एकटाच ती कधी वापरत नाही. सॅम फार्बर नावाच्या व्यापाऱ्याच्या बायकोची बोटं संधिवातानं आखडायची. बटाट्याची सालं काढायचं सोलाणं धरवेना, म्हणून त्यांनी जाड रबरी मुठीचं करवून घेतलं आणि १९९० साली बाजारात आणलं. ते घेतलं कुणी, तर ठणठणीत बोटांच्या लोकांनीही, आणि धडाक्यानं. दाराची गोल मूठ बघा. ओल्या हाताला ती फिरत नाही. त्याऐवजी आडवी दांडी बसवली की कोपरानंही दार उघडतं. आणि हातात दळणाचा डबा असला की आपण सगळेच तेवढ्यापुरते थोटे असतो. फक्त त्याचं प्रमाणपत्र काढत नाही.

असो. आमचा रॅम्प झाला. अखेर तो धर्मादायीच गेला, आणि त्यानं व्हायचं ते झालं. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, असा या कामाचा नियम आहे. अडीच फुटांना तीस फूट हवेत. दारासमोर जागा नऊ फूट. बाजूच्या बोळातून वळवून आणला असता तर बसला असता. पण त्या बोळात कर्मचाऱ्यांच्या स्कूटरी लागतात. तेव्हा कंत्राटदारानं नऊ फुटांतच उरकला. नंतर बरेच दिवस शाळा सुटली की पोरं त्यावरून घसरत. तपासणीच्या तक्त्यात ‘रॅम्प आहे काय?’ समोर ‘होय’ पडलं. घसरगुंडीचा रकाना तक्त्यात नसतो. धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात, आणि धर्माच्या रॅम्पचा चढही.

मग नोव्हेंबर आला. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनरांनी आपण जिवंत आहोत असं लेखी द्यायचं. आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी अर्धांगानंतर चाकाच्या खुर्चीत असतात. हल्ली मोबाइलला चेहरा दाखवूनही हयात सिद्ध होते, आणि २०१७ पासून सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा दंडकही आहे. मी गुरुजींना तसं फोनवर म्हटलं. ते म्हणाले, “घरी अवश्य या, चहा घ्या. पण वर्षातून एकदा मला बँकेत येऊ द्या. घरात बसून मी जिवंत आहे हे माझं मलाच पटेनासं झालंय.”

आले. घसरगुंडीवर खुर्ची निम्म्यातून मागे यायला लागली. मग आमचा शिपाई, रखवालदार, चहावाला आणि मी, अशा चौघांनी चार बाजूंनी गुरुजींना खुर्चीसकट उचललं आणि पायऱ्या चढलो. वरून गुरुजींचा वर्गातला खणखणीत आवाज आला, “वा! हयातीचा दाखला द्यायला चौघांच्या खांद्यावरून. पुढे मडकं कुणी धरलंय?”

कुणी हसलं नाही. हेडकॅशियर काउंटरमागून उठून उभे राहिले होते.

त्यानंतर बोळातल्या स्कूटरींवर जी सभा झाली, ती रॅम्पच्या सभेपेक्षा लांबली. कायद्याचं पुस्तक काढण्यात आलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे सगळं आहेच. शिवाय ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला सांगितलं आहे, की याचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवू नका, बंधनकारक करा. पण खरं सांगायचं तर कायद्यानं कुणी हललं नाही. हेडकॅशियरांनी आपली स्कूटर उचलून मागच्या पिंपळाखाली लावली आणि व्हाउचरवर धर्मादाय खोडून ‘इमारत’ लिहिलं, तेव्हा बाकीचे उठले. माझीही स्कूटर तिथेच असते. पिंपळावर बगळे आहेत. सीट रोज पांढरी होते.

नवा रॅम्प तीस फुटांचा आहे, मध्ये वळण, दोन्ही बाजूंना कठडे. त्यावरून सगळ्यांत आधी कॅशची पेटी चाकांवर बसून वर आली. मग गॅसची शेगडी घेतलेला चहावाला, मग बाबागाडी, मग गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाई.

परवा गुरुजी एकटेच आले, स्वतः चाकं फिरवत. रांग मोठी होती. मी काउंटरवरून हाक मारली, “गुरुजी, तुम्ही पुढे या ना!”

“कशाला?” ते म्हणाले. “मी बसलेलाच आहे. हे बाकीचे उभे आहेत, त्यांचं आधी बघा.”