दरवर्षी नव्याने रंगणारा देव

पाटणच्या (साताऱ्याकडचे नव्हे; काठमांडूला लागून असलेले, ज्याला ललितपूरही म्हणतात) ओकुबहाल भागात फिरताना छिन्नीची टिकटिक कानावर येत राहते. इथले शाक्य कारागीर आधी मूर्ती मेणात घडवतात. मेण मधमाश्यांचे, त्यात सालवृक्षाची राळ मिसळलेली. त्यावर शेणमातीचे पातळ लेप, मग भाताचे तूस कालवलेल्या मातीचे जाड थर. साचा वाळला की तापवायचा. मेण वितळून निघून जाते आणि त्या पोकळीत तांब्याचा रस ओततात. निवल्यावर साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त जी मेणाची रीत नोंदवली, ती हीच.

पुढे मुलामा. सोने पाऱ्यात कालवून तांब्याला फासतात आणि धग देऊन पारा उडवतात. ती वाफ विषारी असते. मूर्तीच्या झळाळीची वाहवा करताना कारागिराची छाती कुणाला आठवत नाही.

आणि एवढे होऊनही देव झालेला नसतो. पोकळीत मंत्रांच्या पट्ट्या भरायच्या, तळ तांब्याच्या पत्र्याने बंद करायचा, विधिपूर्वक प्राणप्रतिष्ठा करायची. निर्यातीच्या कागदावर मात्र पश्मिन्याची शाल आणि अशी बुद्धमूर्ती ‘हस्तकला’ या एकाच रकान्यात बसतात. हा शब्द खोटा नाही, पण तोकडा आहे. हाताचे काम संपते तिथे तो थांबतो. हे कारागीर ज्या समाजातले, त्या काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजाच्या लेखी अर्धे काम त्यानंतरचे असते. मूर्ती विकत घेणारे पर्यटक कारागिराची चूल पेटती ठेवतात, तेव्हा त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न या कलेचे ‘जतन’ म्हणजे नेमके काय, हा आहे.

त्याचे एक उत्तर पाटणच्या रस्त्यावरच मिळते. नवनाथांतले मच्छिंद्रनाथ मराठी माणसाला परके नाहीत. पाटणमध्ये ते रातो, म्हणजे लाल, मच्छिंद्रनाथ. बौद्धांचे करुणामय, आणि सगळ्यांचेच पावसाचे दैवत. दरवर्षी जत्रेआधी या मूर्तीला स्नान घालतात आणि ती नव्याने रंगवतात. मग साठेक फूट उंच रथ उभा राहतो. लाकूडकाम बाराही सुतारांचे, वेत आणि दोरांची बांधणी यंवाल कारागिरांची. जत्रा संपली की रथ सुटा करायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा बांधायचा. संग्रहालयाच्या नियमांनी पाहिले तर जुन्या मूर्तीवर रंग चढवणे म्हणजे नासधूसच. इथे त्यालाच परंपरा म्हणतात, कारण वस्तू टिकण्यापेक्षा ती करता येणारे हात टिकणे महत्त्वाचे.

हे हात हवेवर जगत नाहीत. देवळांची डागडुजी, जत्रा, वाद्ये यांचा खर्च पिढ्यान्‌पिढ्या गुठीच्या, म्हणजे अशा कामांसाठी लोकांनी चालवलेल्या सामाजिक-धार्मिक संस्थेच्या, जमिनींतून निघत आला. म्हणूनच 2019 मध्ये गुठ्यांवर सरकारी पकड आणू पाहणारे विधेयक आले, तेव्हा काठमांडूत हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले. वरवर पाहता तो जमिनीचा वाद होता. तो जत्रेचाही होता.

मग वस्तूला काहीच मोल नाही का? तसे म्हणणे चोरांच्या पथ्यावर पडेल. 1989 मध्ये चित्रकार लैनसिंह बांगदेल यांनी नेपाळमधून चोरीला गेलेल्या मूर्तींच्या छायाचित्रांचे पुस्तकच काढले, इतकी लूट झाली होती. पाटणच्या पाटको टोलमधली अर्धा विष्णू, अर्धी लक्ष्मी अशी दगडी मूर्ती 1984 मध्ये नाहीशी झाली आणि पुढे अमेरिकेत डॅलसच्या कलासंग्रहालयात दिसली. इकडे देऊळ रिकामे ठेवले नव्हते. लोकांनी प्रतिकृती बसवून पूजा चालू ठेवली. रथ दरवर्षी नवा बांधणाऱ्यांना प्रतिकृतीचे वावडे कसे असेल? तरीही 2021 मध्ये मूळ मूर्ती परत आली, तेव्हा तिला नेपाळच्या संग्रहालयात ठेवून गावकऱ्यांचे समाधान झाले नसते. डिसेंबरमध्ये ती वाजतगाजत आपल्या देवळात गेली.

डॅलसमध्ये तिला हात लावायची सोय नव्हती. आता तिच्यावर शेंदूर चढतो, तांदूळ पडतात. यात दगड झिजेल, असे एखादा संग्रहालयवाला म्हणेल. झिजेलच.