जोडाक्षर आधी फोडावे की अखंड घ्यावे?

‘पुस्तक’ हा शब्द कागदावर पु-स्त-क असा बसतो. जीभ मात्र तो पुस्-तक असा तोडते. वाचायला शिकणारे मूल नेमके इथे अडखळते, आणि या अडखळण्यामागे आपल्या तत्त्वज्ञानातला एक जुना वाद आहे. शब्द कळतो तो वर्णामागून वर्ण जुळत जाऊन, की अर्थ एकदम उमटतो आणि वर्ण ही आपण मागाहून केलेली फोड? मीमांसक शबरस्वामींनी उपवर्षांचा हवाला देऊन सांगितले की ‘गौः’ म्हणजे ग, औ आणि विसर्ग. त्यापलीकडे वेगळा शब्द नाही. कुमारिल भट्टांनी हीच बाजू पुढे लढवली. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त उलट भूमिका घेतली: स्फोट, म्हणजे अर्थ एकदम उमटवणारा शब्द, अखंड आहे, तुकडे कल्पित आहेत. जोडाक्षरे सुट्या वर्णांपासून शिकवावीत की ओळखीच्या शब्दाच्या आकारावरून, हा प्राथमिक शाळेतला प्रश्न याच वादाची शाखा आहे. प्रौढ वाचकापुरता भर्तृहरी खरा मानला, तरी मुलाने आधी शबरस्वामींच्या वाटेने जावे असे मला वाटते.

अखंडवादाची सगळी भिस्त कानावर असते. ऐकलेला शब्दच आकारावरून ओळखता येतो. पण 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, आणि मुलुंड-घाटकोपरच्या गुजराती किंवा अंधेरीच्या हिंदी घरातल्या मुलापुढे अनेक मराठी शब्द कानाआधी डोळ्यांना येतात. ‘विक्रोळी’, ‘जोगेश्वरी’ ही लोकलच्या घोषणेतून मुरलेली नावे ते फलाटावरच्या पाटीवर सहज ओळखेल. त्या ओळखीतून ‘वक्री’ किंवा ‘नश्वर’ मात्र वाचता येत नाही. त्यासाठी क्र आणि श्व फोडूनच दाखवावे लागतात. र तर चार वेषांत येतो: चक्र, राष्ट्र, अर्क आणि सुऱ्या. यातला शेवटचा हिंदीत नाही, त्यामुळे देवनागरी येणारे मूलही तिथे थबकते. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यांत गुरू आणि स्वयंपाकी इतके अंतर आहे. आकारावरून अंदाज बांधणारा गुरूला चुलीपुढे बसवील.

यावर आक्षेप येतो की फोडही फसवते. ‘ब्रह्म’मध्ये ह आधी लिहितात, पण बहुतेकांच्या तोंडी म आधी येतो; ‘ज्ञ’मध्ये ज आणि ञ आहेत, मराठी माणूस द्न्य म्हणतो. हे कबूल, पण असे अपवाद थोडे आहेत, ते वेगळे सांगता येतात. दुसरा आक्षेप व्याकरणाचा: पाणिनीची जोडव्यंजनासाठीची ‘संयोग’ ही संज्ञा एकेका व्यंजनाची की समुदायाची, हा प्रश्न पतंजलीने चर्चिला आणि कौल समुदायाला दिला. तरी समुदाय ओळखायला त्यातली माणसे आधी ठाऊक असावी लागतातच. आणि खुद्द भर्तृहरी मान्य करतो की शिकणाऱ्या बालकांना कल्पित तुकड्यांच्या वाटेनेच सत्याकडे न्यावे लागते. अखंडवाद्यांनी त्याचे हे वाक्य सोयीने विसरू नये.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात जोडाक्षरांचा जाच कमी करण्यासाठी ‘त्रेसष्ट’बरोबर ‘साठ तीन’ आले आणि गदारोळ झाला. गणितापुरती ती सवलत मला मान्य आहे, कारण तिथे संख्या कळणे महत्त्वाचे. भाषेच्या तासाला ती चालणार नाही. पालकांनाही एक विनंती: मूल अडखळले की शब्द पुरवू नका, यातला कोणता वर्ण अर्धा आहे, एवढेच विचारा.