श्रवणाचा मान

शिक्षक फळ्याकडे वळले, की बाकाखाली बोटे हलू लागतात आणि लघुसंदेश निघून जातो. यात नेमका अपराध कोणता?

२०२० च्या टाळेबंदीत शाळाच भ्रमणध्वनीत शिरली. सत्तरी, सांगे तालुक्यांतील मुले नेटवर्कसाठी डोंगर चढली. ज्या यंत्राला आपणच वर्ग म्हटले, ते आता सरसकट त्याज्य ठरवणे प्रामाणिकपणाचे नव्हे. फ्रान्सने २०१८ मध्ये कायद्याने शाळेत त्याचा वापर निषिद्ध केला. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालाने, शिकण्यास खरोखर साहाय्य होईल तेथेच तो असावा, असे सुचवले.

अपराध असलाच, तर तो अवधान मोडण्याचा आहे. पेडणे-डिचोलीच्या देवळांत कीर्तने ऐकत वाढलेल्यांना नवविधा भक्तीत श्रवण प्रथम का, हे सांगावे लागत नाही. बोलणाऱ्याचे ऐकणे हाच त्याचा मान. फोन पेटीत जमा करून घेता येतो. लक्ष मात्र ज्याचे त्यानेच द्यावे लागते. म्हणून नियम दोघांनाही एकच हवा. शिकवता शिकवता स्वतःचा फोन घेणाऱ्या गुरुजींना मुलाचा फोन काढून घेण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. आणि मूल काही सांगत असता पडद्यावरून नजर न उचलणाऱ्या आपणा वडीलधाऱ्यांनाही नाही.