प्रदक्षिणा डोंगराच्या मागूनही असते

मंडळी, आजचं वाचन शिवपुराणातलं आहे आणि गोष्ट इतकी ओळखीची की तुम्ही न वाचताच पुढे जाल. कार्तिकेय आणि गणपती यांची पृथ्वीप्रदक्षिणेची पैज. कार्तिकेय निघून गेला. गणपतीने आईवडिलांना आसनावर बसवलं, पूजा केली, त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घातली आणि पैज जिंकली. लहानपणापासून ही गोष्ट आपल्याला बाप्पाच्या हुशारीची म्हणून सांगतात. हल्ली तर तिला 'स्मार्ट वर्क'चं उदाहरण करून टाकलंय. या वेळी वाचताना मी वेगळ्याच ठिकाणी अडकले. जो प्रदक्षिणा घालतो तो समोरच्याला सगळ्या बाजूंनी बघतो. आईवडिलांचं तोंड आपण रोज बघतो, व्हिडिओ कॉलवर तर तेवढंच दिसतं. त्यांची पाठ शेवटची कधी बघितली होती?

गणपतीपुळ्याला ही गोष्ट पायांनी करावी लागते. तिथे डोंगरच गणपती मानलेला आहे, त्यामुळे प्रदक्षिणा सबंध डोंगराला, सुमारे एक किलोमीटरची. देव पश्चिमेकडे तोंड करून. पुढच्या बाजूला समुद्र, दर्शनाची रांग, प्रसाद, मोबाईल घेऊन उभी असलेली मंडळी. वळून मागे गेलं की झाडी, जांभा दगड आणि बरीचशी शांतता. शनिवार-रविवारी येणारे पुष्कळ जण पुढून दर्शन घेतात आणि थेट वाळूत उतरतात. चालायचंच.

माझी आजी तिथून जवळच्याच एका वाडीत राहते. वय ८६. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं थांबलं ते थांबलंच. विसरणं आधीपासून होतं, ते वाढलं. रात्री दोन वाजता उठून विचारते, "गुरं बांधलीत का रे?" गोठा रिकामा होऊन वीस वर्षं झाली. तिचं अंग पुसणं, डायपर, भरवणं, कुशीवर वळवणं, सगळं काकू करते. काकू स्वतः ६१ची आणि तिच्या मणक्यात गॅप आलाय. बाबा आणि आम्ही पुण्यात, आत्या डोंबिवलीला. काका बागेत. "आईची सेवा आम्ही घरीच करतो," असं आमच्याकडे सगळे अभिमानाने सांगतात. या वाक्यातला 'आम्ही' म्हणजे काकू.

हे आमच्याच घरात आहे असंही नाही. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा कमी भरली होती, जवळजवळ पाच टक्क्यांनी. दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका. कमावते मुंबईला गेले, मागे म्हाताऱ्या राहिल्या आणि त्यांना बघायला उरलेल्या बायका, ज्या आता स्वतःच म्हाताऱ्या व्हायला लागल्यात.

तर प्रश्न असा: आजीला वृद्धाश्रमात ठेवणं हे पाप आहे का? मला वाटतं, या प्रश्नातली निम्मी भीती एका क्रियापदात आहे. "आईला आश्रमात टाकलं." पण "मुलाला शाळेत टाकलं" म्हणताना कोणाच्या घशात काही अडकत नाही, कारण तिथे आपण चार शाळा बघितलेल्या असतात, बाईंशी बोललेलो असतो, पहिले आठ दिवस गेटबाहेर उभे राहिलेलो असतो. टाकणं या शब्दात पाप भरतं ते आपण नंतर न बघितल्यामुळे.

लगेच कोणीतरी श्रावणबाळ काढतं. आमच्याकडे बाबांनीच काढला. श्रावणाची कथा आपण नेहमी अर्ध्यावर थांबवतो, कावडीपाशी. पुढे काय होतं? श्रावण पाणी आणायला जातो, दशरथाचा बाण लागतो, आणि आंधळे आईबाप त्या रानात एकटे पडतात. त्यांना दुसरं कोणी नव्हतंच. सगळा भार एकाच खांद्यावर होता आणि तो खांदा पडल्यावर तेही गेले. श्रावणाची भक्ती कमी नव्हती, पण दोन म्हाताऱ्या माणसांचं जगणं एकाच माणसाच्या तब्येतीवर टांगलेलं होतं. मी बाबांना एवढंच विचारलं, "उद्या काकू पडली तर?" ते काही बोलले नाहीत.

कायदा या बाबतीत पुराणापेक्षा रोखठोक आहे. २००७च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक कायद्यात 'मुलं' म्हणजे मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि सज्ञान नात. म्हणजे हे वाचणारे तुम्ही आणि लिहिणारी मी, दोघंही त्यात आहोत. त्या व्याख्येत सून नाही! जिच्यावर कायद्याने जबाबदारी टाकलेली नाही ती सगळं करते, आणि ज्यांच्यावर टाकली आहे ते रोज संध्याकाळी फोन करून "जेवली का?" विचारतात.

म्हणून आम्ही जागा बघायला लागलो. शब्दाचा एक घोळ आधी सांगते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं खाजगी हॉस्पिटल. त्याच्या नोंदणीचा कायदा १९४९चा. वृद्धाश्रम म्हणजे राहण्याची सोय, आणि तिथे नर्स असेलच असं नाही. पुष्कळ ठिकाणी चालती-फिरती, स्वतःचं स्वतः करणारी माणसंच घेतात. आजीसारखी अंथरुणाला खिळलेली म्हटलं की समोरचा आवाज बदलतो. त्यामुळे पहिला प्रश्न फोनवरच विचारायचा: झोपून असलेल्यांना घेता का, आणि आत्ता तुमच्याकडे असे किती आहेत?

पहिली जागा बघून आत्या एकदम खूश झाली. दारात गणपती, पुढे बाग, हॉलमध्ये भजनाची पेटी. चकचकीत. आम्ही दुपारी साडेचारला पोचलो होतो, बोलता बोलता पाच वाजले आणि ताटं आली. रात्रीचं जेवण. आत्याला वाटलं नाश्ता असेल. मी विचारलं, एवढ्या लवकर? तर दिवसपाळीच्या बायका सहाला जातात, म्हणून त्याआधी उरकतात. पुढचा चहा सकाळी सातला. म्हणजे चौदा तास पोटात काही नाही, आणि त्यात डायबेटिसवाले असणारच. रात्री तीसजणांना एक बाई. बागेचा फोटो आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकला होता, तो तिने परत काढला नाही, पण विषयही काढला नाही.

दुसरीकडे आम्ही न कळवता गेलो. वॉर्डात लघवीचा वास होता. थोडा वास कुठेही येतो, घरीही येतो, पण हा जुना, गादीत मुरलेला होता. एका आजोबांचे हात मऊ पट्टीने कॉटला बांधलेले. "नळी उपटतात," असं सांगितलं. असेल. पण किती वेळ बांधता, कोणाला विचारून, मध्ये सोडता का, याला उत्तर नव्हतं.

तिसरी जागा गावाकडची, कौलारू, दिसायला यथातथा. तिथल्या बाईंनी पैशाचं नाव काढायच्या आधी अर्धा तास आजीबद्दल विचारलं. गिळताना ठसका लागतो का? भात मऊ करून देता की पेज? रात्री उठते तेव्हा काय बोलते? तिला कोणत्या नावाने हाक मारतात? मी पाठीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "चला, दाखवते." भिंतीवर तक्ता होता, दर दोन तासांनी कोणाला कोणत्या कुशीवर वळवलं आणि कोणी वळवलं. ज्यांना हलता येत नाही त्यांना असं वळवलं नाही, तर माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर आधी लाली येते, मग कातडी फुटते, आणि ती जखम भरायला महिनोन्‌महिने लागतात. ही लाली फक्त मागून दिसते. तो तक्ता बघताना मला डोंगराची मागची वाट आठवली.

तिथल्या आयांशी मी वेगळी बोलले. हे जरूर करा. एक अकरा वर्षं तिथे आहे, दुसरी सहा. जिथे दर तीन महिन्यांनी माणसं बदलतात, तिथे आजीला ठसका कशाने लागतो हे कोण लक्षात ठेवणार? आपण सगळ्या आयांना सरसकट 'मावशी' म्हणतो. हा शब्द या जिल्ह्यात फुकट मिळालेला नाही. देवरुखला इंदिराबाई हळब्यांनी १९५४ साली मातृमंदिर सुरू केलं, अगदी लहानशा दवाखान्यापासून. परक्यांची बाळंतपणं, परक्यांची पोरं, परक्यांची दुखणी. लोक त्यांना मावशी म्हणायला लागले ते त्यानंतर. रक्ताचं नातं नसलेला हात परका असतोच असं मला म्हणूनच वाटत नाही. फक्त त्या हाताला पगार वेळेवर मिळतो का, सुट्टी मिळते का, हेही आपण विचारायला हवं. ते सेवेच्या बाहेरचं नाही.

या जागेतही खोट आहे. डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात. रात्री काही झालं तर रत्नागिरीच्या सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत गाडीने पाऊण तास. अनामत रकमेतलं परत किती मिळणार हे कागदावर नव्हतं, आम्ही लिहून घेतलं. हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर सही कोणाची, हेही.

आणि आजीला विचारलं. तिला काय कळणार, असं काका म्हणाले. पण सकाळी सात ते नऊ ती बऱ्यापैकी शुद्धीत असते, तेव्हा मी तिच्याजवळ बसून सांगितलं. काकूचं दुखणं, ती जागा, आम्ही येत राहू ते. तिने बराच वेळ माझा हात धरून ठेवला. मग म्हणाली, "तिथे समुद्र ऐकू येतो?"

"नाही गं आजी. आत आहे ते."

"मग नको." आणि थोड्या वेळाने काकूकडे बघत, "हिला झोप लागत नाही ना?"

हा होकार की नकार, यावर घरात दोन दिवस वाद झाला. मी नकार धरते. म्हाताऱ्या माणसाने दुसऱ्याच्या दयेपोटी मान हलवली तर तिला संमती म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. दुसऱ्या बाजूला काकूचा नकार तर आजवर कोणी विचारलेलाच नाही. दोघींचं एकाच वेळी ऐकायचं तर निवड आश्रम की घर अशी उरत नाही.

सध्या ठरलंय ते असं. एक महिना आजी तिथे राहील, काकूची फिजिओथेरपी आणि झोप होईपर्यंत. पहिला आठवडा मी तिथूनच लॅपटॉपवर काम करणार, नेट येतं हे बघून घेतलंय. नंतर दर रविवारी कोणीतरी जाईल, वेळ न कळवता, आणि गेल्यावर आधी पाठ आणि टाचा बघेल. महिन्याने आजी परत वाडीत, आणि रात्रीसाठी पगारी बाई ठेवायची. तिचे पैसे नातवंडं भरणार. चुलतभावाने अजून हो म्हटलेलं नाही. त्याला ही पोस्ट पाठवते आहे.